हिरव्या काठाचा कप

१

आमच्या किनलॅरिखमध्ये मरणं सोपं आहे, मेल्यावर भिंतीवर जागा मिळवणं अवघड.

गावच्या हॉलमध्ये चहाच्या मोठ्या भांड्यामागे एक भिंत आहे. तिच्यावर खुंट्या आहेत आणि खुंट्यांवर गेलेल्या माणसांचे कप टांगलेले आहेत. प्रत्येकाचा त्याच्या घरातला, त्याच्या ओठांच्या सवयीचा कप. पण तो उगाच कोणी टांगत नाही. माणूस जाऊन वर्ष झालं की गावाला विचारतात, याची एखादी गोष्ट आहे का, हसू येईल अशी? नसेल तर कप घरी परत. आमच्या जुन्या शाळामास्तरांनी अख्ख्या गावाला लिहायला वाचायला शिकवलं, कधी कोणावर आवाज चढवला नाही. त्यांचा कप परत गेला. उलट ह्यूगी. एकदा भरपूर ढोसून तो स्वतःच्याच कोंबड्यांची माफी मागायला खुराड्यात शिरला आणि तिथेच झोपला. तो खिडकीजवळच्या पहिल्या खुंटीवर आहे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, मेंढ्या व्यायच्या आधी, आमचा कपांचा चहा असतो. सगळे कप उतरवायचे, प्रत्येकात चहा ओतायचा, एकाने कप हातात धरून त्या माणसाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी हसायचं आणि मग तो चहा दाराबाहेरच्या गवतावर ओतायचा. नियम एकच: दुसऱ्याची गोष्ट दुरुस्त करायची नाही. पूर्वी एका मेंढ्याचं तोंड काळं होतं की पांढरं, यावरून दोन घरांत जुंपली आणि ती घरं पुढे इतकी वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत, की त्यांच्या पोरांनी पळून जाऊन लग्न केलं तेही दोन्हीकडे उशिराच कळलं. तेव्हापासून सांगणारा चंद्राला चौकोनी म्हणाला तरी आम्ही माना डोलावतो आणि केकचा तुकडा घेतो.

कप धुणं हे माझं काम. शुक्रवारी दुपारी मी ते करते, आणि माझी मैत्रीण डोलिना पुसायला येते. म्हणजे पुसते कमी आणि बोलते जास्त. शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि माझ्या लग्नात करवली तीच होती.

लॅखीचा कप मी शेवटी धुते. लॅखी माझा नवरा. गावची बस चालवायचा. त्याचा कप म्हणजे तपकिरी एनॅमलचा भला थोरला मग, काठाचा टवका उडालेला. त्याला जाऊन तीन हिवाळे झाले. त्याच्यासाठी गावाला विचारायची वेळच आली नाही. त्याच्या गोष्टी इतक्या, की कोणी कोणती सांगायची यावरून दर वर्षी ओढाताण. आम्हाला मूलबाळ नाही. लॅखी जो काही उरला आहे तो या भिंतीवर आणि या लोकांच्या तोंडी. म्हणून तो मग मी जरा जास्तच घासते.

तर त्या शुक्रवारी तो घासून झाला, मी खुंटीवर टांगायला गेले, आणि त्याच्या शेजारी आणखी एक कप दिसला. पांढरा, बारीक हिरव्या काठाचा. मी तो धुतला नव्हता. तरी तो आतून ओला होता.

"डोलिना, हा कोणाचा गं?"

"कुठला? अगं, तो वॉटीचा!"

"कोण वॉटी?"

डोलिना फडकं तोंडावर धरून हसली. "कोण वॉटी म्हणे! एफी, कमाल करतेस बाई. उद्या विचारशील, डोलिना कोण."

मग मी तेच केलं जे आमच्या गावात कोणीही केलं असतं. "हो की, वॉटीचा," म्हणाले, आणि केटली चढवली.

२

घरी येऊन मी खुर्चीत बसले आणि स्वतःची परीक्षा घेतली. माझी बहीण इना शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणायची, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो, पण घरी कोणी वाट बघत असेल ना?" त्यामुळे नाव आठवलं नाही की मी लगेच बाकीची नावं मोजून बघते. नदीच्या या बाजूची सगळी घरं मी ओळीने म्हणून पाहिली. मग त्या बाजूची. कोणाकडे कुठला कुत्रा होता तेही. सगळं जागच्या जागी होतं. फक्त वॉटी कुठेच नव्हता.

डोकं ठिकाणावर आहे तर मग आर्चीला विचारावं, असं ठरवलं. आर्ची रॉस गावचा सुतार, आणि गावच्या शवपेट्याही तोच करतो. आमच्याकडे पेटी थडग्यात दोऱ्यांनी सोडतात. कोणी कुठली दोरी धरायची ते घरचे ठरवतात. डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यांत जवळच्या माणसाची. लॅखीची पहिली दोरी मी धरली होती. कोणाच्या वेळी कोण कुठे उभं होतं, हे आर्ची झोपेतही सांगेल.

तो रंधा मारत होता. लाकडाचा वास, रेडिओ बारीक चालू, कुत्री भुश्यात झोपलेली. बरं वाटलं मला आत शिरल्यावर.

"आर्ची, उद्या वॉटीची गोष्ट कोण सांगणार आहे?" मी अगदी सहज विचारलं.

"मी! मेंढ्याची. मागच्या वर्षी डोलिनाने पळवली होती."

"कुठली रे ती?"

"तुझं वय झालं एफी," असं म्हणून तो खुश होऊन सांगायला बसला. पाऊस काय पडत होता, प्रदर्शनाला न्यायचा मेंढा, गाडा मोडलेला. मग मेंढ्याला बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, आणि भिजला होता म्हणून त्याच्या डोक्यावर कोणाच्या तरी आजीची टोपी घातली. पुलावर नवा पोलीस उभा, त्याला दिसायचं कमी. त्याने बस थांबवली, आत वाकून पाहिलं आणि मेंढ्याला म्हणाला, "बाई, खिडकी लावून घ्या, सर्दी होईल."

आर्ची डोळे पुसत हसत होता. मीही हसले, कारण ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. ज्या दिवशी घडली त्या दिवशी संध्याकाळी ऐकली होती, माझ्याच स्वयंपाकघरात, ओले मोजे चुलीवर वाळत घालताना.

"पण आर्ची, बस लॅखीची होती."

"होती की. बस लॅखीचीच. पण मेंढ्याची करामत वॉटीची."

"आणि चालवत कोण होतं?"

"वॉटीच असणार," तो म्हणाला. "नाहीतर गोष्ट कशी जमेल?"

"वॉटीला पुरलं कुठे?"

रंधा थांबला. कुत्रीने मान वर केली. आर्चीने हातातल्या लाकडाकडे बघितलं, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू परत हसरा झाला. पाण्यात दगड टाकला आणि पाणी परत शांत झालं, तसा.

"छान माणूस होता गं," तो म्हणाला आणि रंधा मारू लागला.

३

शनिवारी सकाळी हॉल उघडायला मीच गेले. स्कोन आधीच भाजून नेले होते. अंड्यांची सँडविचेस तिथे करायची होती. थंडी म्हणाल तर हाडात शिरणारी. हीटर सुरू केला की तो टक टक असा आवाज करत तापतो. ती टकटक मला आवडते, कोणीतरी सोबतीला आहे असं वाटतं.

हॉलचं स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे, चहा द्यायची, वर सरकवायच्या फळीची. फळी खाली होती. मी बैठकीत टेबलक्लॉथ घालत होते, आणि फळीपलीकडे कोणीतरी गुणगुणत होतं.

आधी मी लक्षच दिलं नाही. डोलिना आली असेल. मग माझ्या लक्षात आलं की ती चाल चुकत होती. दुसरी ओळ वर जायला हवी तिथे खाली जात होती, आणि मग परत पहिल्यापासून. असं चुकीचं, इतक्या मनापासून, एकच माणूस म्हणायचा. बेचाळीस वर्षं मी त्याला सांगत होते की लॅखी, तुला ते येत नाही.

मी फळी वर सरकवली. आत कोणी नव्हतं. हीटर टकटकत होता. मी स्वतःला समजावलं, एफी, गाणं तुझ्या डोक्यात होतं, आवाज हीटरचा होता, तुझं मन ते दोन्ही जोडत होतं. हे अगदी पटण्यासारखं होतं. मी सँडविचेस करायला घेतली.

पण कप उतरवायला गेले तेव्हा मात्र हात थबकला. लॅखीच्या मगावर धूळ होती. काल मी घासून टांगलेला मग; त्यावर आता अशी धूळ होती, की वर्षानुवर्षं कोणी हात लावला नसावा. बोटाने रेघ उमटली. आणि शेजारचा हिरव्या काठाचा कप गरम होता. नुकताच कोणी पिऊन ठेवावा तसा.

बशा काढायला मी कपाट उघडलं आणि आत बघतच राहिले. पांढरे कप, हिरवा काठ. रांगाच्या रांगा. हॉलचा स्वतःचा संच, लग्नाबारशाला वापरतो तो. भिंतीवरचा कप यातलाच होता. कोणाच्या घरचा नव्हताच तो.

म्हणजे कधीतरी एक खुंटी रिकामी राहिली असेल. कोणाला तरी ती वाईट दिसली असेल, म्हणून तिथे हॉलचाच एक कप टांगला. चहाच्या दिवशी कप आहे म्हटल्यावर त्यात चहा ओतला गेला असेल. आणि ओतल्यावर, हा कोणाचा असं विचारणं बरं दिसत नाही म्हणून, कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील. आम्ही माणसं तशीच आहोत.

मी तो कप खाली ठेवला आणि हात एप्रनला पुसला. नंतर परत एकदा पुसला.

४

दोन वाजता हॉल भरला. ओले कोट, कुत्री टेबलाखाली, कोणी आणलेला आल्याचा केक, पाद्रीबाई मिसेस इम्री त्यांच्या मोठ्या टोपीसकट. वर्षातला हा माझा सगळ्यात आवडता दिवस, आणि खरं सांगते, त्या दिवशीही मला मजा आली. ह्यूगीची गोष्ट झाली, कोंबड्यांच्या आवाजासकट. पोस्टातल्या बाईंची झाली, ज्या सगळ्यांची पोस्टकार्डं वाचायच्या आणि देताना म्हणायच्या, "तुझ्या बहिणीचा गुडघा बरा आहे, पण जावयाचं खरं दिसत नाही." हसून हसून आर्चीच्या नाकातून चहा आला.

मग हिरव्या काठाचा कप आला, आणि प्रत्येकाला वॉटीचीच गोष्ट सांगायची होती.

आर्चीने मेंढा सांगितला. मग कोणीतरी देवळातली सांगितली: प्रवचनात झोप लागली होती आणि ऑर्गन वाजताच दचकून ओरडला, "शेवटचा थांबा! सगळे उतरा!" आणि अर्धं देऊळ पिशव्या घेऊन उभं राहिलं. ती लॅखीची. त्या दिवशी त्याच्या शेजारी मी बसले होते, आणि उभं राहणाऱ्यांत मीही होते. मी मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

मग डोलिनाने कप हातात घेतला. "मी लग्नाची सांगते," ती म्हणाली.

मी हातातली केटली खाली ठेवली.

"लग्नाच्या दिवशी बदली ड्रायव्हर आजारी पडला," डोलिना सांगत होती, "म्हणून नवरदेव स्वतःच लग्नाचा चौकटींचा किल्ट घालून बस घेऊन निघाला. आणि प्रत्येक थांब्यावर थांबला! प्रत्येक! एका म्हातारीच्या कोंबड्या चढवल्या, उतरवल्या. देवळाच्या दारात नवरी वाऱ्यात कुडकुडतेय, झगा डोक्यावर जातोय, मी तो खाली ओढतेय. आणि हा येतो नि पाद्रींना म्हणतो, 'रस्त्यात माणसं उभी असताना थांबायचं नाही?' असा आमचा वॉटी!"

हॉल कोसळायचा बाकी होता. डोलिना स्वतःही हसत होती, आणि हसता हसता तिची नजर माझ्यावरून फिरली.

"नवरी कोण होती गं?" मी विचारलं. विचारणं म्हणजे काही दुरुस्त करणं नव्हे.

"नवरी?" तिने भुवया आक्रसल्या. "अगं... ती ही... कोण बरं ती?"

माझी सगळ्यात जुनी मैत्रीण माझ्याकडे बघून माझा शोध घेत होती. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. अजून तासाभरात लॅखीच्या मगाची पाळी येईल, तो वर उचलला जाईल, आणि कोणाला काही आठवणार नाही. कोणीतरी म्हणेल, याची काही गोष्ट नाही का? मग घरी पाठवा.

तेव्हा मला सुचलं. वॉटीच्या सगळ्या गोष्टी जिवंतपणीच्या होत्या. तो मेला कसा, हे कोणी सांगत नव्हतं. पुरलंच नाही म्हटल्यावर माणूस हिंडत राहणारच. ठीक आहे, म्हटलं, बाबा, आज तुला पुरते.

"मी त्याच्या मयताची सांगते," मी म्हणाले.

५

मी सांगायला लागले, आणि छान सांगत होते. वारा असा होता की पक्षी मागे मागे उडत होते. प्रार्थना ऐन रंगात आली आणि पाद्रीबाईंची टोपी उडाली, गोल फिरली आणि थेट थडग्यात पेटीवर जाऊन बसली. आर्चीने मेंढपाळाची आकड्याची काठी घालून ती बाहेर काढली, पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा आली. मिसेस इम्री लाजून लाल झाल्या आणि सगळ्यांत जोरात हसल्या.

"बरोबर!" आर्ची ओरडला. "पायाकडची दोरी माझ्याकडे होती, म्हणून तर काठी मला घालता आली!"

"माझ्याकडे डावीकडची," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या हाताला वळ पडला होता!"

एकेक दोरी भरत गेली. हात वर होत होते, लोक हसत होते, आणि सांगता सांगता मला कळलं मी काय करत होते. मला बारीकसारीक तपशिलांसकट एकच मयत माहीत होतं. टोपी लॅखीच्या पेटीवर बसली होती. लॅखीची एवढीच गोष्ट कोणी नेली नव्हती, आणि ती मी माझ्या हाताने वॉटीच्या ताटात वाढली होती.

"आणि डोक्याकडची?" आर्ची म्हणाला. "पहिली दोरी कोणाकडे?"

मग सगळे माझ्याकडे वळले, इतक्या मायेने, की मला पळून जावंसं वाटलं.

"तुझ्याकडे ना, एफी," डोलिना म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, तिला सापडलं होतं. "तू नाही तर कोण? वॉटीची बायको तूच!"

आणि खरं सांगते, मला ती दोरी तळहातात जाणवली. जाड, ओली. पेटीवर नाव होतं, आणि ते नाव मला वाचता येईना.

मी नजर वर केली. चहाच्या खिडकीची फळी वर होती. आत, सिंकपाशी, एक माणूस पाठमोरा उभा होता आणि कप पुसत होता. राखाडी पुलोव्हर, खांद्यांवर निळ्या ओळी. डाव्या खांद्यावर एक चुकलेली ओळ होती, निळ्याऐवजी हिरवी. विणताना दिवे गेले होते आणि मी उसवायचा कंटाळा केला होता. तो पुलोव्हर घालून लॅखीला पुरलं. खांदे मात्र लॅखीचे नव्हते. अजून नव्हते. आणि ती मान वळायला लागली, सावकाश, आणि मला एवढंच समजलं की ती पूर्ण वळेल तेव्हा तिथे लॅखीचा चेहरा असेल, आणि मग तो त्याचाच होऊन जाईल.

"खोटं आहे," मी म्हणाले.

हॉलमध्ये कोणीतरी बशी खाली ठेवली. मेंढ्याच्या तोंडावरून भांडण झालं तेव्हापासून आजवर हे कोणी बोललं नव्हतं.

"खोटं आहे," मी परत म्हणाले, मोठ्याने. "ते मयत लॅखीचं. बस लॅखीची, मेंढा लॅखीचा आणि नवरीही लॅखीचीच. माझा झगा तू ओढत होतीस, डोलिना, आणि फाडलासही, ते बरं विसरलीस! आता ऐका. लॅखी लापशीत मीठ घालायचा, साखर कधी नाही, आणि खिडकीशी उभा राहून खायचा. पावाचा शेवटचा तुकडा ठेवायचा, तो कोणीच खायचं नाही, आणि मी तो पक्ष्यांना टाकला की विचारायचा, तुकडा कुठे गेला? झोपताना डावा मोजा काढायचा, उजवा नाही. का, ते मी कधी विचारलं नाही."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नेण्यासारखंही नव्हतं. असलं सामान चोर कशाला उचलेल? मी बोलत राहिले. भिंतीवरच्या हवामान सांगणाऱ्या यंत्राच्या काचेवर टिचकी मारायचा आणि काटा काय सांगतो ते न बघताच निघून जायचा. बटाटे सोलायला घेतले की अर्धा बटाटा सालातच जायचा. मी बोलत होते आणि खिडकीकडे बघत नव्हते.

"बसचं दार लावताना," आर्ची हळूच म्हणाला, "तो 'हं' म्हणायचा. दर वेळी."

"हं," मागून कोणीतरी म्हणालं. अगदी तस्संच.

"हं," पाद्रीबाई म्हणाल्या, आणि मग अख्खा हॉल, आणि मग मात्र सगळे हसले. डोलिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एफी," ती म्हणाली, "तुझी करवली मीच होते ना गं? मीच ना?"

धाड करून खिडकीची फळी खाली पडली. आर्ची आत जाऊन बघून आला. कोणी नव्हतं म्हणाला, फक्त एक कप पुसून पालथा घातलेला होता. मी तो कपाटात ठेवला, इतरांच्या रांगेत. दार लावायच्या आतच त्यातला कुठला तो मला ओळखू येईना.

लॅखीचा चहा मी स्वतः गवतावर ओतला. वाफ बराच वेळ निघत होती.

६

सोमवारी ओट संपले म्हणून दुकानात गेले. आत आर्ची ब्रेडच्या गाडीवाल्याला काहीतरी सांगत होता, हातवारे करून. दुकानभर हशा. मी दाराशीच थांबले. चांगली गोष्ट मध्ये तोडू नये.

"...आणि भर चहात वॉटी उभा राहिला," आर्ची सांगत होता, "पाद्रीबाईंच्या समोर, आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, 'खोटं आहे!' अरे, अख्ख्या गावाचे घास घशातच अडकले! मेंढ्याच्या भांडणानंतर पहिल्यांदा कोणी असं बोललं असेल!"

गाडीवाला पोट धरून हसत होता. आर्चीने मला पाहिलं.

"ये एफी, ये. तू नव्हतीस ना गं शनिवारी? सांगता सांगता मी सगळ्यांचे चेहरे आठवतोय, तुझा काही दिसत नाही बघ."

मला एकदम गार वाटलं, दार मागे उघडं राहिलं असेल म्हणून. मी हात चाचपला, स्वतःचाच. मग मी हसले, कारण गोष्ट त्याने खरोखरच छान सांगितली होती. दुरुस्त केली नाही.

"चुकलं माझं यायचं," मी म्हणाले. ओटची पिशवी उचलून घेतली. "पण आर्ची, मला एक सांग. लापशीत मीठ कोण घालायचं?"

आर्चीने क्षणभरही विचार केला नाही.

"मीठ? ते लॅखीचं."

"मग ठीक आहे," मी म्हणाले, आणि दार लावताना 'हं' म्हटलं.